टिकबाईची टिक

ऑफिसात तिला सगळे टिकबाई म्हणत. अकरा वर्षं ती दवाखान्यांसाठी कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहीत होती, आणि पडद्यावरच्या चेकबॉक्सवरून, म्हणजे टिक करायच्या चौकटींवरून, तिने जेवढी भांडणं केली तेवढी बायका नवऱ्याशीही करत नाहीत. "अनेकांतलं एकच निवडायचं असेल तर गोल बटणं द्या, चौकटी नकोत!" "चौकटीसमोरच्या शब्दांवर क्लिक केलं तरी टिक पडली पाहिजे, म्हाताऱ्या डॉक्टरांनी काय नेम धरत बसायचं?" लोक हसत, नावं ठेवत, आणि शेवटी तिचंच ऐकत. त्या नावाचा तिला मनातून भारी अभिमान होता.

मग तिची सख्खी धाकटी बहीण त्याच ऑफिसात लागली. चिकटवली हिनेच, साहेबांकडे शब्द टाकून. सहा महिन्यांत धाकटीची छोटी टिकबाई झाली. आणि एका सकाळी साहेबांनी दारातून "अहो टिकबाई!" अशी हाक मारली, थोरली उठून उभी राहिली, तर साहेब धाकटीकडे बघत होते. उठलोच आहोत म्हणून थोरली पाणी प्यायला गेली. तहान नव्हतीच. लहानपणापासून हेच चाललेलं. हिने रात्रंदिवस घासून पहिला नंबर काढायचा आणि धाकटीने नुसतं हसून सगळं घर खिशात घालायचं.

त्यातच एका मोठ्या इस्पितळाचं काम आलं. पेशंट दाखल करून घेताना जो फॉर्म भरतात, तो साहेबांनी धाकटीला बनवायला दिला. इस्पितळाला पसंत पडला तर पुढच्या सगळ्या कामाची प्रमुखही तीच होणार होती. थोरलीकडे काय, तर धाकटीचं काम तपासायचं. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. तोंडाने मात्र म्हणाली, "वा, छान."

फॉर्म तिने तीन वेळा बघितला. चांगला होता, हीच तर पंचाईत होती. मग तिची नजर एका ओळीवर अडली. "औषधाची अ‍ॅलर्जी आहे", आणि समोर साधी चौकट. टिक असली तर आहे. रिकामी असली तर? नाही, की विचारायचंच राहिलं? बेशुद्ध माणूस आणला, कुणी काही विचारलं नाही, तरी चौकट रिकामीच. आणि डॉक्टर ती "नाही" म्हणून वाचणार. अशा जागी तीन अवस्थांचा चेकबॉक्स लागतो: टिक, रिकामी, आणि मधली आडवी रेघ. रेघ म्हणजे अजून विचारलेलं नाही. हा खास टिकबाईचा धडा, आणि नेमका तोच धाकटीला शिकवायचा राहिला होता.

"ताई, बघितलंस का गं? काही चुकलंय?" धाकटीने मागून विचारलं.

"ठीक आहे सगळं," थोरली म्हणाली, आणि तपासणीच्या यादीत आपल्या नावासमोर, "तपासले" या चौकटीत तिने टिक केली. आपटू दे एकदा सगळ्यांसमोर. इस्पितळाची हेड नर्स म्हणे महावस्ताद बाई होती, ती पकडणारच. या विचाराने थोरलीला दोन दिवस आतून उकळ्या फुटत होत्या.

तिसऱ्या दिवशी नर्सबाई आल्या. त्यांनी फॉर्म उलटासुलटा बघितला, दोन खोटे पेशंट भरले, अ‍ॅलर्जीच्या ओळीवरून सरळ पुढे गेल्या आणि म्हणाल्या, "झकास! सोमवारपासून सुरू करा." साहेब खूश. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. धाकटी हसली, अगदी लहानपणी हसायची तशी, आणि तिने आधी बघितलं ते ताईकडे.

आता बोलावं तर सगळे म्हणणार, जळते मेली. मूग गिळून बसावं तर सोमवारी कुणीतरी बेशुद्ध येणार. तिने हात वर केला. "थांबा," ती म्हणाली, आणि त्या ओळीवर बोट ठेवून तिने सगळं सांगितलं.

नर्सबाई गंभीर झाल्या. "हे तुम्हाला आत्ता दिसलं?"

थोरलीने त्या ओळीवरचं बोट काढून घेतलं.

"आत्ताच दिसलं असणार," धाकटी तिच्याकडे न बघता म्हणाली. "चूक माझी आहे. तासाभरात दुरुस्त करते."

"बघा, याला म्हणतात टिकबाई!" साहेबांनी थोरलीकडे बघत टेबलावर थाप मारली. पुढचं कामही तिलाच दिलं. ज्या नावासाठी एवढा जीव जळला ते परत मिळालं, आणि तिला मान वर करवेना.

दुपारी तिने तपासणीची यादी उघडली. दुरुस्ती झाली होती. पण तिच्या नावासमोरची टिक गेली होती. धाकटीने ती चौकटही तीन अवस्थांची केली होती. आत आडवी रेघ होती.

थोरली धाकटीच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. "हे काय गं?"

"अजून विचारलेलं नाही," धाकटी टाइप करता करता म्हणाली.

"मग विचार ना."

धाकटीची बोटं थांबली.

"नको, ताई. तू खरं सांगशील."