डेनाची निळी टेप

सकाळी आठला कर्टनं ब्रिटाला आमच्या दारात उतरवलं. तिच्या हातात बाहुली होती आणि त्याच्या हातात थंडपेटी.

"आई, यात चार ट्रे आहेत. डेनानं केलेत. ब्रिटानं फक्त हेच खायचं," तो म्हणाला.

गाडीत डेना, माझी सून, कळा येऊन पोट धरून बसलेली, बाहेर नाकातला श्वास गोठावा अशी थंडी. म्हणून मी नुसती मान हलवली. एरवी बोलले असते. माझ्या मुलाला ते ठाऊक होतं, म्हणून तो घाईघाईनं पायऱ्या उतरला आणि नव्वद मैलांवरच्या शहराकडे निघून गेला.

खरं तर या दिवसांत डेनाची आई अ‍ॅरिझोनाहून येणार होती. बाळानंच तीन आठवडे आधी घाई केली आणि माझी नात माझ्याकडे आली. दोन वर्षांनी. दोन वर्षांपूर्वी चर्चच्या तळघरात एका मयताच्या जेवणानंतर मी तिला वडीचा एवढासा तुकडा भरवला होता. त्यात अक्रोडाची पूड होती, मला माहीत नव्हतं. पोरीचं तोंड सुजलं, डोळे मिटले, अ‍ॅम्ब्युलन्स आली. तेव्हापासून डेनानं तिला एक रात्र माझ्याकडे ठेवलं नाही. आधी ती दर शुक्रवारी यायची. मला माझे शुक्रवार परत हवे होते, आणि आजचा दिवस नीट पार पडला तर ते मिळतील हे मला सांगायला कोणी नको होतं.

ट्रे फ्रीजरमध्ये ठेवायला मी तळघरात जाऊन थंडपेटी उघडली. चार फॉइलचे ट्रे, प्रत्येकावर निळी टेप, टेपवर डेनाचं टपोरं अक्षर आणि कोपऱ्यात हृदयाचं एक छोटं चिन्ह, लाल शाईतलं. "चिकन-भात. कुठलाही सुकामेवा, शेंगदाणा नाही. भट्टी ३५० वर, एक तास. शेवटची पंधरा मिनिटं फॉइल काढा."

शेवटची पंधरा मिनिटं फॉइल काढा! चाळीस वर्षं मी त्या चर्चमध्ये लग्नं, बाप्तिस्मे आणि मयतं जेवू घातली आणि भट्टीत भाजायची साधी हॉटडिश कशी गरम करायची ते मला टेपवर लिहून दिलं होतं. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. वर येऊन मी ते बोलून दाखवलं.

"तिनं दिलंय ते भट्टीत घाल आणि गप बस," व्हर्लिन, माझा नवरा, पेपरामागून म्हणाला. "त्यानं काय तुझं नाक कापलं जात नाही."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"मला खायचं कळतं."

दुपारी मी माझ्या फ्रीजरमधून माझा ट्रे काढला. रानतांदळाची हॉटडिश, माझी. ब्रिटा बोळक्या तोंडाची होती तेव्हापासून ती मिटक्या मारत खायची. नोव्हेंबरमध्ये आम्ही चर्चच्या नऊ बायका एक दिवस त्या मोठ्या स्वयंपाकघरात जमतो आणि हिवाळाभराचे ट्रे करून ठेवतो. कोणी आजारी पडलं, कोणाकडे बाळ झालं, कोणी गेलं, की फ्रीजर उघडायचा. उरलेले घरी न्यायचे. यंदा कोंबड्या मी सोलल्या, भात मी शिजवला. पांढरा सॉस आमच्यातल्या लवॉननं मोठ्या पातेल्यात घोटला, पण माझ्याच कृतीच्या कार्डावरून, चाळीस वर्षं चाललेल्या कार्डावरून. दोन वर्षांत माझ्या घरात सुकामेव्याचा कण आला नव्हता. पक्ष्यांना घालायचे शेंगदाणेसुद्धा मी बंद केले होते. मग माझं अन्न वाईट कसं?

ब्रिटा शहाणी पोर होती, सहा वर्षांची, पण चाळिशीची वाटावी अशी. सकाळी मी तिला बिस्किटं दिली तर तिनं पुडा आधी माझ्याच हातात परत दिला. "आजी, मागचं बारीक वाच." मी चष्मा लावून शब्दन् शब्द वाचला. ती मान एका बाजूला कलती करून ऐकत होती. मी संपवल्यावरच तिनं बिस्किट तोंडात घातलं. मला इतकं बरं वाटलं! कोणीतरी माझ्या वाचण्यावर भरवसा ठेवत होतं.

तीन वाजता ती ओट्यापाशी स्टुलावर चढली.

"आजी, यावर निळी टेप नाहीये."

"हा आजीचा ट्रे आहे, राणी. तुला आवडायची ना, रानतांदळाची?"

"यावर पांढरी आहे. आर्डिस लिहिलंय."

"म्हणजे मीच ना?"

"मी निळ्याचंच खाते," ती म्हणाली. हट्टानं नाही. रस्ता ओलांडताना आधी डावीकडे बघायचं, तसं सांगितलं तिनं.

"आजीनं केलंय, त्यात काही नाही. आजी खोटं बोलेल का?"

तिनं विचार केला. "नाही. पण आईनं सांगितलंय."

आता इथं मी थांबायला हवं होतं. खाली जायचं, डेनाचा ट्रे आणायचा, भट्टीत सारायचा, विषय संपला. मी खाली गेले. डेनाचा ट्रे काढला. बर्फाच्या पापुद्र्यावर टेप नीट धरली नव्हती. नखानं जरा उचलली तर अख्खी हातात आली.

मी ट्रे परत आत सारला आणि टेप हातात धरून फ्रीजरपाशी उभी राहिले. मग वर आले. ब्रिटा व्हर्लिनबरोबर बैठकीत पत्ते खेळत होती. मी माझी पांढरी टेप सोलून काढली, फॉइलवरचं पाणी पदरासारखा एप्रन ओढून पुसलं आणि निळी टेप त्यावर चिकटवली. ती ओली होती, धरेना. मी तळव्यानं दाबून धरली, अगदी ऊब लागेपर्यंत. लाज वाटली का? तेव्हा नाही. तेव्हा मला वाटलं, सुनेच्या नाकावर टिच्चून मी माझ्या नातीला माझ्या हातचं जेवू घालतेय.

"बघ गं, हा आईचा," मी हाक मारून म्हणाले.

ब्रिटानं बोटानं एकेक अक्षर वाचलं. लाल चिन्हावर बोट टेकवलं. "हो," ती म्हणाली आणि पत्त्यांकडे पळाली.

पाच वाजता आम्ही जेवायला बसलो. प्रार्थना झाली. ब्रिटानं पहिला घास घेतला, दुसरा घेतला, आणि म्हणाली, "आईची आज खूपच मस्त झालीय."

व्हर्लिननं माझ्याकडे बघितलं. माझ्या हातची चव तो ओळखतो. तेवढ्यात भिंतीवरचा फोन वाजला.

लवॉन होती. गावातली कुठलीच बातमी तिच्याआधी कोणाला कळत नाही.

"काय गं, झालं का बाळ?"

"नाही अजून. पोरगी माझ्याकडे आहे. जेवतेय." आणि मला राहवलं नाही. "रानतांदळाची केलीय. नोव्हेंबरातली. ताटावरून डोकं वर काढत नाहीये."

"हो का! मग सॉस कसा राहिला ते सांग आधी. फाटला नाही ना?"

"नाही, छान आहे. दाट."

"बघ! मला ठाऊकच होतं. दरवर्षी तुझ्या त्या मैद्याला फ्रीजरमध्ये पाणी सुटायचं. आमच्या जावयाला गहू चालत नाही, त्यामुळे आता मी सगळं बदामाच्या पिठात करते. यंदा पातेल्यातही तेच घातलं. थेंब सुटत नाही पाण्याचा. तू रागावशील म्हणून बोलले नव्हते तेव्हा."

मला वाटतं मी दोनदा विचारलं, कशाचं पीठ, कशाचं. मागून ब्रिटाचा आवाज आला.

"आजी, माझ्या जिभेला टोचतंय."

मी वळले. ती खालचा ओठ दातांनी खाजवत होती. हनुवटीवर दोन लाल गांधी उठल्या होत्या. तिनं काटा ताटाच्या कडेला नीट ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. पोर घाबरलेली नव्हती. मी काय करते त्याची वाट बघत होती.

फोन हातातून सुटून दोरीला लोंबकळत राहिला, त्यातून लवॉन "आर्डिस? आर्डिस?" करत होती. औषधाची पिशवी दाराशी खुंटीला होती. तिच्यावरही निळी टेप. "१. पेन. २. ९११. ३. मी. याच क्रमानं."

"व्हर्लिन, फोन कर! अ‍ॅम्ब्युलन्स!"

"लवॉन, फोन ठेव! ठेव म्हणतो ना!" तो फोनवर ओरडत होता, कारण आमच्या घरात मोबाइलला रेंज नसते आणि ती ठेवल्याशिवाय आमची लाइन मोकळी होणार नव्हती.

मी पेन काढलं. इंजेक्शनचं ते जाड पेन दोन वर्षांपूर्वी मला डेनानं दाखवलं होतं, आणि मी तेव्हा रागात अर्धंच ऐकलं होतं. कुठलं टोपण आधी काढायचं तेच आठवेना.

"निळं टोपण काढ," ब्रिटा म्हणाली. तिचा आवाज घोगरा झाला होता. "केशरी मांडीवर. जोरात. मग तीन मोज. आईनं मला संत्र्यावर शिकवलंय."

"दुखेल गं."

"हो." तिनं पाय पुढे केला.

मी दाबलं. खट झालं. ती किंचाळली आणि मी मोजलं, एक, दोन, तीन, आणि नंतरही मोजत राहिले, व्हर्लिननं माझं मनगट धरेपर्यंत. अ‍ॅम्ब्युलन्स यायला सतरा मिनिटं लागली. तेवढ्यात तिला एकदा उलटी झाली, श्वासाला शिट्टी लागली आणि मग हळूहळू ती शिट्टी कमी झाली. मी तिला मांडीवर घेऊन जमिनीवर बसले होते. येशूला मी काय काय कबूल केलं ते त्याला आणि मला माहीत.

काउंटीच्या इस्पितळात तिला खाटेवर घेतलं, नाकाला नळी लावली. डॉक्टर म्हणाली, वेळेत पेन दिलंत, आज इथंच ठेवू, पण ठीक आहे. ठीक आहे म्हटल्यावर मग मला रडू आलं.

व्हर्लिननं मला खाटेपासून बाजूला घेतलं. तो सावकाश, डोळे जमिनीवर ठेवून बोलला.

"ट्रेवर टेप डेनाची होती."

"मी लावली ती."

"मला माहितीय. मी पत्ते खेळत होतो, आंधळा नव्हतो." त्यानं टोपी हातात फिरवली. "पण तिला माहीत नाही. पोरीलाही नाही. डेनाच्या हातून काही चुकलं असेल, असं होतं कधीकधी. खरं कळलं तर यावेळी ती तुला सोडणार नाही, आर्डिस. नातीचं तोंड दिसणार नाही परत."

तो माझ्यासाठीच बोलत होता. पन्नास वर्षांत त्यानं कधी खोटं बोल म्हणून सांगितलं नव्हतं. आणि खरं सांगते, मला ते पटलं. मी त्याला हो म्हटलं.

मग त्याच्या खिशातला फोन वाजला. व्हर्लिननं कळवलं होतं त्यावर आलेला, कर्टचा होता, पण बोलत होती डेना. मी ब्रिटाच्या खाटेपाशी येऊन फोन घेतला.

"आर्डिस, ती कशीय? खरं सांगा."

"बरी आहे. श्वास चांगला चाललाय. माझ्यासमोर आहे."

"पेन दिलंत?"

"दिलं."

"आधी पेन, मग फोन?"

"तू लिहिलंस तसंच."

तिला कळ आली असणार. ती थांबली, जोरात श्वास सोडत राहिली, मागे कर्ट काहीतरी म्हणत होता. मग ती बोलली तेव्हा रडत होती.

"कुठला ट्रे होता? चिकन-भात ना? माझ्याच हातून झालं. चिकनच्या रसाचा डबा मी वाचला होता हो, दोनदा वाचला, मला वाटतं दोनदा वाचला... मी दमले होते त्या दिवशी. मीच माझ्या लेकराला..."

ब्रिटा टक्क डोळ्यांनी माझ्याकडे बघत होती. तिला फोनमधून आईचं रडणं ऐकू येत होतं.

"आईची टेप चुकली?" तिनं मला विचारलं.

व्हर्लिननं मान खाली घातली. एक हो पुरला असता. डेना जन्मभर स्वतःला खात बसली असती, स्वतःच्या ओट्यावर, स्वतःच्या प्रत्येक डब्याशी. आणि ही पोर आईचं अक्षर बघून घाबरली असती. त्या अक्षरानंच तर ती सहा वर्षं जगली होती.

"डेना, ऐक," मी म्हणाले. "तुझा ट्रे फ्रीजरमध्येच आहे. तो मी भट्टीत घातलाच नाही. मी माझा दिला. ही खात नव्हती, म्हणून तुझी टेप सोलून माझ्या ट्रेवर लावली. माझ्यात बदामाचं पीठ होतं, ते मला माहीत नव्हतं. पण टेप मी लावली, ते मला माहीत होतं. तुझं काही चुकलं नाही. एक अक्षर चुकलं नाही."

मला वाटलं लाइन तुटली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"ब्रिटाला द्या," डेना म्हणाली.

मी फोन पोरीच्या कानाशी धरला. ती "हं," "हो," "नाही दुखत," एवढंच म्हणाली. बोलताना ती माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या हाताकडे बघत होती. फोन संपल्यावर तिनं पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतलं.

थोड्या वेळानं नर्स आली. हसरी होती, लवॉनच्या लेकीच्या वयाची. तिनं व्हॅनिला पुडिंगचा छोटा डबा आणला होता. "काहीतरी गोड खाणार का आमची वाघीण?"

ब्रिटा उठून बसली. तिनं डबा घेतला, उलटा केला, मागची बारीक अक्षरं बघितली. मी पर्समधून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि हात पुढे केला.

तिनं डबा नर्सकडे दिला. "तुम्ही वाचाल?"

नर्सनं सगळं वाचलं, दूध, साखर, कॉर्नस्टार्च, अगदी शेवटच्या शब्दापर्यंत. ब्रिटा मान कलती करून ऐकत होती. मग तिनं चमचा घेतला आणि खाल्लं.