डावीकडच्या खुर्च्यांचा गुण

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. व्यासपीठावर नव्या थेंबांचं औषध काढणारे डॉक्टर निळी बाटली नाचवत होते. "मंडळी, हे मंतरलेलं पाणी नाही, विज्ञान आहे! दोनशे रुग्ण. निम्म्यांना थेंब, निम्म्यांना साधं पाणी. थेंबवाल्यांच्या डाव्या गुडघ्याची सूज उतरली! निव्वळ योगायोगाने असं घडण्याची शक्यता विसात एकाहून कमी. आता कुठलाही आजार आणा!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. माझ्या मावशीने तर रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टीच माझ्या हातात कोंबली. "टाक कचऱ्यात. सुटले एकदाची!"

मला धडकीच भरली. गेल्या वर्षी चार दिवस गोळ्या चुकवून ती जिन्यात कोसळली होती.

तेवढ्यात मागून एक नर्सबाई उठल्या. या चाचणीचे तक्ते त्यांनीच भरले होते.

"डॉक्टरसाहेब, किती गोष्टी मोजल्या ते सांगा की."

"महत्त्वाच्या सगळ्या!"

"वीस. झोप, भूक, ढेकर, अगदी उजवा गुडघासुद्धा. एकोणिसांत काडीचा फरक नाही."

"पण विसावी लागू पडली ना?"

"मग मीही चमत्कार करते," बाई म्हणाल्या. "समजा, डावीकडच्या खुर्च्यांत औषध आहे. हात वर करा. काल कोणाला झोप लागली नाही?" दोन्हीकडे सारखेच हात. दाढ, खोकला, पाठ, सगळीकडे तीच गत. चौदावा प्रश्न उचकीचा. उजवीकडे नऊ हात, डावीकडे एक.

"घ्या! डाव्या खुर्चीने उचकी जाते. आधीचे तेरा प्रश्न मी कोणाला सांगणारच नाही!"

हशा पिकला. उजवीकडचे एक आजोबा मात्र गुपचूप उठून डावीकडे जाऊन बसले.

"ही थट्टा आहे!" डॉक्टर कडाडले.

"तुमचीच पद्धत आहे, साहेब. योगायोग विसात एकदा फसवतो, आणि तुम्ही प्रश्न विचारलेत वीस. एखादा तरी फसवण्याचीच शक्यता जास्त की! काय तपासणार ते आधी लिहून ठेवायचं. वीस गोष्टी तपासायच्या तर कसोटी तितकी कडक करायची. आणि गुडघा खरंच बरा होतो म्हणता, तर नवे रुग्ण घेऊन फक्त गुडघाच पुन्हा तपासायचा."

मावशी उठली. "अहो बाई, रक्तदाबाचं काय निघालं?"

"थेंबवाले आणि पाणीवाले, दोघांचा होता तिथेच राहिला."

मावशीने माझ्यापुढे हात केला. "दे इकडे. बघतोस काय?"

तिने तिथेच गोळी घेतली, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. वाचकहो, कोणी आकडे नाचवत चमत्कार सांगायला आला, तर एवढंच विचारा: तपासलेल्या गोष्टींपैकी न जमलेल्या किती? हे विचारायला डॉक्टर असावं लागत नाही.