चार बोटांची पोकळी

मी उजवा गुडघा बोलतोय. एका गादीवालीचा. माणसं एकमेकांना चिडवतात ना, 'तुझी अक्कल गुडघ्यात' म्हणून? मग असेल थोडीफार माझ्याकडे, असं धरून ऐका.

माझी मांडणी साधी. वर मांडीचं हाड, खाली नडगीचं, पुढे झाकणासारखी वाटी. हाडावर हाड घासू नये म्हणून मधे चंद्रकोरीसारख्या दोन छोट्या गाद्या, आणि सगळं जागच्या जागी राहावं म्हणून आतबाहेर चिवट दोऱ्या. माझ्या वर खुबा. खोल खोबणीत गोळा बसवलेला, म्हणून तो चहूकडे फिरतो आणि थोरल्या भावासारखे हुकूम सोडतो. खाली घोटा. धाकटा, उतावळा. जरा खड्डा लागला की आत मुरगळतो, बाहेरून सुजतो आणि घर डोक्यावर घेतो. मी मधला. मला वाकायचं आणि सरळ व्हायचं, एवढंच येतं. थोरला वळला आणि धाकटा अडून बसला, की पिळून निघतो तो मी.

आमची बाई गाद्यांच्या कारखान्यात, एका लांबलचक खोलीत काम करायची. कापसाचे कण उन्हात तरंगत असायचे. ती फरशीवर गादी पसरायची, मला तिच्यावर रोवायची आणि दबलेल्या जागी दाभण आरपार घालायची. मी दाबल्याशिवाय टाका बसतच नसे. त्याचा मला कोण अभिमान!

घरी आलं की दुसरी पाळी. तिची एक वर्षाची लेक, भिंगरी, पाठीवर बसायची आणि आम्ही दोघे गुडघे फरशीवर टपटप निघायचो. घोडा! नवरा रंगारी, हाताला चुना तसाच, दारातून ओरडायचा, "अरे, घोड्याला पाणी दाखवलं का कुणी?" ती फरशीची गार टेकण मला अजून आठवते.

एका दुपारी सासूबाई भिंगरीला घेऊन कारखान्याच्या दारात आल्या. "अगं, बघ बघ! सोडला हात तिनं!"

भिंगरी खरंच एकटी उभी होती. तिनं एक पाऊल टाकलं. आमची बाई झटक्यात वळली, पण उजवं पाऊल अर्धवट शिवलेल्या खोळीत अडकलेलं. खुबा फिरला, घोटा हलेना, आणि माझ्या आत टक् झालं. लेकीचं दुसरं, तिसरं पाऊल तिनं फरशीवर पडल्या पडल्या पाहिलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बरोबरीच्या बायकांना वाटलं, आनंदानं.

डॉक्टरांनी मला इकडून तिकडून दाबून पाहिलं. फोटो काढला. "आतली गादी जराशी फाटलीय. बाजूची दोरी ताणलीय."

"गाद्या तर मीच शिवते, डॉक्टर."

"ही नाही शिवता यायची तुम्हाला," ते हसले. "चीर छोटी आहे, ऑपरेशन नको. सूज उतरेपर्यंत बर्फ लावा, पाय उशीवर उंच ठेवा. आणि हे व्यायाम रोज करा. गुडघा पूर्ण सरळ व्हायला हवा."

व्यायामाचा कागद तिनं इतक्यांदा वाचला की घडीवर फाटला. पण करायला बसली की मी ठणकायचो आणि ती पाय सैल सोडायची. "उरलेली फाटली तर? मग भिंगरीला कोण उचलणार?"

"नको गं बाई उगाच," सासूबाई म्हणाल्या आणि घरातली सगळ्यांत मऊ उशी माझ्याखाली सरकवली. बाईनं स्वतःच भरलेली, भिंगरीसाठी. दुखतंय तिथं मऊ ठेवावं, हे गादीवाल्यांच्या घरचं शास्त्र. उशी टाचेखाली हवी होती, हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

मलाही बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? वाकून पडून राहायला सुख होतं. सहा आठवडे मी त्या उशीवर लोळलो, आणि एके दिवशी सरळ व्हायला गेलो तर होईनाच. मांडीही हडकली होती. बाई लंगडू लागली.

आणि मग भिंगरी लंगडू लागली.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. पाणी आणायला आई उठायची, मागून लेक, उजवा पाय अर्धा वाकवून, ठुमक-ठुमक. शेजारीण म्हणाली, "काही लेकरांचा खुबा जन्मापासून निसटलेला असतो म्हणे. दाखवून घ्या बाई." झालं! आमच्या बाईच्या तोंडचं पाणी पळालं. स्वतःच्या दुखण्यासाठी जी दोन गल्ल्या चालली नव्हती, ती लेकीला कडेवर घेऊन, भिंतीला धरत धरत, डॉक्टरांच्या दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे पोहोचली. मी प्रत्येक पायरीला कण्हलो. तिनं ऐकलंच नाही.

"हिचा खुबा बघा. चालताना पाय ओढते. माझंच काहीतरी चुकलं असणार."

व्यायामवाल्या बाईंनी भिंगरीला निजवलं. दोन्ही मांड्या फाकवून पाहिल्या, पायांची लांबी जुळवली, घोटे फिरवले. भिंगरी खिदळली. मग त्यांनी तिला खाली सोडलं.

"आता तुम्ही चाला."

"मी? मला काय झालंय?"

"चाला तर."

आमची बाई खिडकीपर्यंत गेली. मागून भिंगरी. दोघींचा उजवा पाय एकाच तालात वाकडा.

"लेकीचा खुबा ठणठणीत आहे," व्यायामवाल्या बाई हळूच म्हणाल्या. "ती तुमचं बघून चालायला शिकलीय. तिला वाटतं, चालणं असंच असतं."

आमची बाई मटकन खाटेवर बसली.

व्यायामवाल्या बाईंनी तिचा पाय लांब करून माझ्या मागच्या पोकळीत हात घातला. चार बोटं सहज आत गेली. "उशी कुठे ठेवत होता?"

"गुडघ्याखाली. मऊ होती."

"लाडानं बिघडवलंत की हो त्याला!"

शरमेनं मला कुठे तोंड लपवू असं झालं.

त्या दिवसापासून उशी टाचेखाली गेली आणि मी अधांतरी. मांडी आवळायची, मला खाली दाबायचं, दहा आकडे मोजायचे. सासूबाई भिंतीकडे तोंड करून बसायच्या. "तुझं तू मोज बाई, मला बघवत नाही." ती दात-ओठ खाऊन मोजायची, आणि सातावर आली की पुढचा आकडा सापडायचा नाही. पण समोर भिंगरी उभी असायची. मग सापडायचा.

चाराची तीन बोटं झाली, तिनाची दोन. भिंगरीचं पाऊल तर आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआप सुधारलं. ती माझ्यासाठी थांबली नाही. थांबू नये, हेच बरं.

आता माझ्यामागे फक्त तिचं एक बोट मावतं. तिला तो खेळ झालाय. आई पाय लांब करून बसली की ही करंगळी आत सारते.

"काढ गं बोट, चिरडेल!"

ती काढत नाही. काल बाईनं दाबलं तशी करंगळी खरंच अडकली. भिंगरी किंचाळली, हसली आणि बोट ओढून पळाली. मागे जागा उरली नाही. माझी पाठ चादरीला टेकली. बाई दहापर्यंत मोजून अकरावरही गेली.

पण चादर म्हणजे फरशी नव्हे. माझ्यावर भार देऊन टेकायला अजून दोन महिने, तेही आधी मऊ सतरंजीवर, असं व्यायामवाल्या बाई म्हणाल्यात. इतके दिवस मऊ नको म्हणणाऱ्या त्याच! भिंगरी रोज फरशीवर बसते, तळहातानं थापटते आणि वर बघते. "ये."

दर महिन्याला ती थोडी जड होते. तिला घोडा लागतो, तोवर मला त्या गार फरशीवर टेकू दे, एवढंच मागणं. वाकून खूप झालं. आता मला तिच्यासाठी वाकायचंय.