दोन बोटांचा ओटा

थंडीत घराला हात लावू नये, नुसता बेत करावा, असं म्हाताऱ्या गवंड्याचं मत होतं. गारठ्यात गिलावा लवकर सुकत नाही, रंग धरत नाही; तेव्हा शाल पांघरून कागदावर भिंती पाडाव्यात आणि ऊन तापलं की खऱ्या पाडाव्यात. त्यामुळे सून चौकटीचा कागद घेऊन स्वयंपाकघरात बसली, तेव्हा त्याने खुशीत चष्मा चढवला.

बाहेरच्या खोलीचा रंग ठरला. खिडकीच्या फटी बुजवायचं ठरलं. कपाटाला सरकती दारं, हेही त्याने कुरकुरत मान्य केलं. मग सुनेची पेन्सिल ओट्यापाशी आली.

"हा चार बोटं उंच करायचा, बाबा. भाजी चिरताना कंबर मोडते."

"ओटा सोडून बोल."

"ओट्यासाठीच तर बेत काढलाय. मी ताडासारखी वाढले, हा काय माझा गुन्हा?"

"ते तुझ्या बापाला विचार. ओटा हलायचा नाही."

मुलगा दाराशी उभा होता. या दोघांच्या कात्रीत सापडण्यापेक्षा कामावर गेलेलं बरं, असं ठरवून तो सटकला.

ओटा बांधला तेव्हा असाच गारठा होता. घर अर्धंच उभं, खाली नुसती माती. त्याने बायकोला भिंतीशी उभं केलं, कोपर वाकवायला लावलं आणि कोपराखाली सहा बोटं सोडून कोळशाने रेघ ओढली.

"श्वास तरी घेऊ का?" तिने विचारलं होतं.

"घे. हलू नकोस."

कामावरची माणसं त्याला 'सूतभर' म्हणायची. कारण त्याचं एकच पालुपद: माझ्या बांधकामात सूतभर फरक दाखवा, मिशी उतरवतो. मिशी अजून जागेवर होती. बायको जाऊन मात्र तीन वर्षं झाली होती. भिंतीवर तिचा फोटो होता, पण फोटोला उंची नसते. तिची उंची आता त्या ओट्यातच उरली होती.

"तिचं माप आहे ते," तो म्हणाला. "ते मोडलं की माझ्यापाशी काय राहिलं?"

सून पेन्सिल खाली ठेवून उठली. तिने कपाटाच्या तळच्या खणातून कागदात गुंडाळलेल्या चपला काढून आणल्या. जाड तळाच्या, पट्टे झिजलेल्या.

"आई इथे याच घालून उभ्या राहायच्या ना?"

"तर. भर उन्हाळ्यातही तिच्या पायांना थंडी. काय चिडवायचो मी तिला."

"थंडी नव्हती, बाबा. चपला काढल्या की ओटा दोन बोटं उंच पडायचा. तुम्ही माप घेतलंत तेव्हा पायांत चपला होत्या."

त्याने एक चप्पल हातात घेतली. तळाला बोटं लावून पाहिली. बरोबर दोन. त्याने तेव्हा फरशीची जाडी धरली होती, खालचा सिमेंटचा मसाला धरला होता. चपलेचा तळ धरायचा राहिला.

"आणि बत्तीस वर्षं बोलली नाही?"

"मी विचारलं होतं. म्हणाल्या, कळलं तर मिशी उतरवतील, आणि बिनमिशीचा नवरा मला ओळखू यायचा नाही. मलाही गप्प बसवलं होतं."

तो हसायला लागला. हसता हसता खोकला आला, खोकताना डोळे भरले, आणि चष्मा पुसायला त्याला निमित्त मिळालं. तळ झिजला की ती चांभाराकडून तेवढ्याच जाडीचा नवा लावून आणायची, तेही आत्ता आठवलं. एकदा तो म्हणालाही होता, नवी जोडी घे की. तिने ऐकलं नव्हतं.

"त्या बाहेरच राहू देत," तो म्हणाला. "खणात कोंदट होतात."

मग गुडघ्यावर हात टेकून उठला आणि त्याने सुनेची पेन्सिल घेतली.

"चल, भिंतीला पाठ लाव. कोपर वाकव."

ती उभी राहिली. त्याची नजर तिच्या पायांकडे गेली.

"आधी त्या सपाता काढ."

"फरशी बर्फासारखी आहे, बाबा."

"असू दे. मिशी एकदाच वाचते."