आंदणातल्या खाटेवर आलेला आळ

मी एक जुनी सागवानी खाट आहे. चार पाय, सुंभाची वीण आणि थोडी कुरकुर. कुरकुर हा माझा स्वभाव आहे, दोष नव्हे. गोदाबाईच्या बापाने मला तिच्या लग्नात आंदण दिलं. माहेरच्या लामत्याहून एकाच बैलबंडीत बसून आम्ही दोघी सासरी रामपायलीला आलो. मित्रांनो, तीस वर्षं मी तिचा आणि तिच्या नवऱ्याचा, टिकारामचा, भार वाहिला. तक्रार एकही नाही.

१९६७ साली टिकारामची लघवी अडू लागली. नागपूरच्या डॉक्टरांनी प्रोस्टेट ग्रंथीचा कॅन्सर सांगितला आणि ऑपरेशन केलं. जीव वाचला. पण घरी येताच तो पडवीत चटईवर झोपू लागला.

"काहून जी?" गोदाबाईने विचारलं.

"खाट टोचते."

मी! टोचते! गोदाबाईने माझी वीण बदलली, ढेकूण शोधले. सुताराने माझे पाय दोन बोटं कापले. तरी मी टोचतच होते.

आमच्याकडे आंदणाला नावं ठेवणं म्हणजे सासऱ्याला नावं ठेवणं. बातमी लामत्याला गेली. भरदुपारी गोदाबाईचा भाऊ दुलीचंद बंडी घेऊन हजर.

"काहो भाटवे," तो बहिणीच्या नवऱ्याला म्हणाला, "खाट टोचते तं खाट नेतो. बाईलेबी नेतो. दोघी एकाच बापाच्या!"

त्याने मला पाय वर करून बंडीत टाकलं. गोदाबाई गाठोडं घेऊन शेजारी बसली. बैल हलले, तसा टिकाराम आडवा आला.

"थांब! खाट चांगली आहे. खराबी माह्यात आहे."

"म्हंजे?"

"ऑपरेशन झाल्यापासून नवऱ्यासारखं काही होत नाही मले. डाक्टर म्हणे, आता होनारबी नाही. हिच्या बाजूले झोपाची लाज वाटून राह्यली."

दुलीचंद एकाएकी बैलाचे खूर तपासू लागला. फार बारकाईने.

"मले वाटलं, माह्या अंगाचा वास येते तुमाले," गोदाबाई म्हणाली. मग तिचा आवाज चढला. "अन् एवढ्यासाठी माह्या बापाच्या खाटीचे पाय कापले?"

"हौ."

"ते होत नसन तं नसन. बाजूले तं याल का नाही?"

टिकारामने होकाराची मान हलवली.

"दुलीचंद, उतरव खाट," गोदाबाई म्हणाली.

पुढे सात वर्षं दोघं माझ्यावरच झोपले. तो घोरायचा, ती कोपर मारायची.

मित्रांनो, आजार माणसाला होतो, त्याचा इलाज खाटेवर करू नका. दवाखान्यातून आलेला माणूस गप्प गप्प राहू लागला, तर त्याच्याजवळ बसून विचारा. मेहुणा बंडी जुंपेपर्यंत थांबू नका.