आमसुली पातळ

अंजना पहाटे गेली. जोतीरामला साताऱ्यात आठ वाजता कळलं. तिच्या मुलाचा, भाचा विश्वजितचा, सांगलीहून फोन आला.

"मामा, कवा पोचताय? ऊन लय हाय. माणसं खोळंबल्यात."

"बारापातूर आलोच," जोतीराम बोलून गेला. खरं सांगितलं तर थांबणार नाहीत, ही धास्ती.

बाई सासरी कितीही वर्षं नांदो, जाताना अंगावर माहेरचं पातळ पडावं लागतं आणि ते भावानंच आणायचं. अंजनाचा नवरा जाऊन वीस वर्षं झाली होती. तेव्हापासून ती बजावत आलेली, "माझ्यावर पांढरं टाकू नगंस रं दादा. आमसुली आण."

दुकानं दहाला उघडली. आमसुली पातळ तिसऱ्या दुकानात मिळालं. त्याची पिशवी काखेत मारून त्यानं अकराची एसटी धरली. कराडजवळ रस्त्याच्या कामापाशी गाडी उभी राहिली ती उभीच. बारा वाजून गेले.

जोतीराम साठीत अक्षरं शिकलेला माणूस. जीव घाबरला की काहीतरी वाचत बसायची सवय. त्यानं मोबाईलवर एकेक अक्षर दाबून 'सातारा ते सांगली' लिहिलं. आलेलं बोट ठेवून वाचलं, "सरळ अंतर एकशे दहा किलोमीटर. विमानानं पंचवीस मिनिटं."

शेजारी मौला बसला होता, सांगलीचा गादीवाला. तो हसला. "इमान उतरणार कुठं चाचा? कवलापूरच्या बंद पडलेल्या धावपट्टीवर? आधी तिथली शेरडं हाकलाय लागतील."

जोतीरामलाही हसू आलं. तेवढ्यात फोन वाजला.

"मामा, कुठवर आलाय?"

पडद्यावरचा आकडा अजून डोळ्यांपुढं होता. "आष्टा सोडलं. पंचवीस मिनिटांत आलो बघ."

मौलानं त्याच्याकडं पाहिलं, मग काखेतल्या पिशवीकडं. पुन्हा हसला नाही.

एसटी सव्वाला हलली. मधे दोन वेळा फोन वाजला, जोतीरामनं उचलला नाही. खरोखर आष्टा आलं तेव्हा सव्वादोन झाले होते. त्यानं स्वतःच फोन लावला. "इश्वा, आष्ट्यात आलोय. अर्धा तास. एवढा अर्धा तास थांबा."



"मामा, आष्टा तुमी मघाशीच सोडलं व्हतं की."

"तवा खोटं बोललो रं. आता खरं सांगतोय."

"तुमचं आता कोण खरं धरंल? तिरडी उचलली."

सांगलीच्या स्टँडवर मौलानं रिक्षा थांबवली, त्याला आत बसवलं आणि नदीवर न्यायला सांगितलं. जोतीराम घाटावर पोचला तेव्हा चिता धडधडून पेटली होती. माणसं पाय धुऊन परतत होती. विश्वजित खाली मान घालून समोर आला.

"पातळाबिगर न्हाई धाडली, मामा. आमीच आणलं. तुमचं म्हणून पांघरलं. भाऊ आला न्हाई असं कोण बोलाय नगं."

जोतीरामनं काखेतली पिशवी पुढं केली, पुन्हा मागं घेतली.

"रंग कंचा व्हता?"

विश्वजित गोंधळला. "रंग? पांढरंच की. आईला दुसरं कुठलं चालतंय?"

जोतीराम पायरीवर खाली बसला. पिशवीची गाठ दुकानदारानं घट्ट मारली होती, ती सोडवत राहिला. सुटली, तेव्हा पुन्हा तशीच मारली.