चोवीस जणांचा उपवास

"पिंजऱ्यात रताळ्याची सालं आली कुठून?" अध्यक्षांनी विचारलं.

मालनबाई दाराशी उभी होती. गंगापूर रोडवरच्या त्या फार्मसी कॉलेजात पांढऱ्या उंदरांचं सगळं तीच बघायची. खाणंपिणं, भुसा बदलणं, पिंजरे धुणं. नांदगावाहून आली तेव्हापासून अकरा वर्षं. प्राण्यांवर प्रयोग करायचा तर या समितीची परवानगी लागते, एवढं तिला ऐकून ठाऊक होतं. समितीसमोर उभं राहायची वेळ मात्र पहिलीच.

मघाशी महेश सरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "माहीत नाही म्हणा. बाकी मी बघतो." प्रयोग त्यांची विद्यार्थिनी निकिता हिचा, आणि जबाबदारी सरांची. माणूस वाईट नव्हता, घाबरलेला होता.

"मी घातली, साहेब," मालनबाई म्हणाली. "सर आदल्या सांजंला बोलले, उद्या सगळ्यांचा उपास हाय. मंग मी त्यांच्या खान्याच्या गोळ्या काढून घेतल्या. सकाळी घरून रताळी उकडून आणली, एकेकाला एकेक फोड दिली. उपासाला चालत्यात ना."

कोणीतरी हसलं.

हसण्यासारखं त्यात काय होतं? आपल्याकडे उपवास म्हणजे खिचडी, रताळी, वरीचे तांदूळ. एकादशी आणि दुप्पट खाशी. रक्तातली साखर मोजायला पोट रिकामं लागतं, हे मालनबाईला कोणी सांगितलंच नव्हतं. सर मराठीत बोलले आणि मनात इंग्रजी धरून बसले. ती तर उलट सरांवर खूश झाली होती. दुपारी या जिवांना जायचंय, तर जाताना उपास घडवतायत, देवमाणूस आहे, असं तिला वाटलं होतं.

कारण त्याच दुपारी, ठरल्याप्रमाणे, चोवीसही उंदरांना मारून त्यांची स्वादुपिंडं तपासायला काढली होती. नंतर निकितानं साखरेचे आकडे मांडले, तर औषध दिलेले आणि न दिलेले सगळे सारखेच. मग भुशात सालं सापडली.

"त्यामुळे आम्हाला नव्याने चोवीस प्राण्यांची परवानगी हवी आहे," महेश सरांनी अर्ज वाचला.

मालनबाईला हे आता कळत होतं. "म्हंजी पयले चोवीस फुकट गेले?"

निकिता टेबलाकडे बघत राहिली. हे उंदीर मरतात हे मालनबाई अकरा वर्षं बघत होती. कोणाच्या तरी साखरेच्या औषधाला कामी आले, एवढं म्हणून ती घरी जायची आणि जेवायची. आज तेवढंही उरलं नाही. तिला मनापासून वाईट वाटलं, स्वतःच्या हाताचा राग आला.

"चूक माझी आहे," महेश सर एकदम म्हणाले. "मी नीट सांगायला हवं होतं."

समितीत बाहेरच्या सदस्य म्हणून सुवर्णाताई होत्या, निवृत्त शिक्षिका. एरवी त्यांचं मत चहा यायच्या आधी उरकून घेत. त्या म्हणाल्या, "मालनबाई, तुम्ही यांना रोज बघता. आणखी चोवीस द्यावेत का?"

मालनबाईनं पदर हातात घट्ट धरला. "नको म्हनावं वाटतं, ताई. पन पोरीचं काम अर्धवट राहिलं तर पयले कुनाच्याच कामी आले नाय." तिनं निकिताकडे पाहिलं. "द्या. पन या बारीला मला समजंल असं सांगा."

परवानगी मिळाली, एका अटीवर. प्रत्येक सूचना साध्या मराठीत लिहायची आणि मालनबाईला समजली का, ते विचारायचं.

दोन महिन्यांनी भिंतीवर कागद लागला. 'आज रात्री आठपासून काहीही खायला देऊ नये. पाणी द्यावे.' मालनबाईनं तो मोठ्यानं वाचला आणि समजलं म्हणून सही केली.

दुसऱ्या दिवशी आत जाण्याआधी तिनं साबणानं दोनदा हात धुतले, खाण्याचा वाससुद्धा राहू नये म्हणून. तिच्या चपलांचा आवाज ऐकून चोवीसही उंदीर जाळीशी आले, मागच्या पायांवर उभे राहून नाकं हलवू लागले.

"नाय रं," ती म्हणाली. "आज नाय."

अकराच्या सुमारास निकिता वही घेऊन प्रयोगशाळेतून बाहेर आली. "मावशी, आकडे बरोबर आले."

"बरं झालं, पोरी."

मग एकेक पिंजरा आत जाऊ लागला. रिकामा होऊन आलेला पहिला पिंजरा मालनबाईनं मोरीत घेतला आणि नळ सोडला.